कोंडा, साली आणि उन्हापासून रक्षण

झाडास पाय नसतात, ही गोष्ट इतकी उघड आहे की तिच्यावर विचार करण्याचे सहसा कोणास सुचत नाही. ऊन चढले की मनुष्य सावलीत जातो, गुरे वडाखाली उभी राहतात, पाल भिंतीच्या फटीत शिरते. झाड मात्र जेथे रुजले तेथेच त्यास दिवसभर सूर्यासमोर उभे राहावे लागते. बरे, सूर्य नको म्हणावे तर तेही शक्य नाही. कारण त्याचे अन्न सूर्यप्रकाशातूनच तयार व्हावयाचे. परंतु त्याच प्रकाशाबरोबर जे अतिनील किरण येतात ते पेशींतील आनुवंशिक द्रव्याची मोडतोड करतात. या पेचातून वनस्पतींनी फार प्राचीन काळी वाट काढली. पानांचा वरचा थर, फळांची साल, बियांचे टरफल अशा बाहेरच्या भागांत त्यांनी अतिनील किरण शोषून घेणारी द्रव्ये साठविली. फेनॉलवर्गीय आम्ले, फ्लॅव्होनॉइड, टॅनिन ही त्यांतील मुख्य होत. गराचे रक्षण करण्याचे काम सालीकडे असल्यामुळे ही द्रव्ये गरापेक्षा सालीत बहुधा अधिक सापडतात. आणि मनुष्य फळ हाती घेतल्यावर पहिली गोष्ट कोणती करतो, तर साल काढून टाकतो.

एवढे ध्यानात घेतले म्हणजे जगातील अनेक प्रयोगशाळा सध्या फळांच्या साली, द्राक्षांचा चोथा, कॉफीचा गाळ आणि तांदळाचा कोंडा यांच्याकडे का वळल्या आहेत याचा उलगडा होतो. त्वचेला उन्हापासून वाचविणाऱ्या मलमांत, ज्यांस आता घरोघर सनस्क्रीन म्हणतात त्यांत, ही टाकाऊ द्रव्ये घालता येतील काय, असा तो प्रश्न आहे. त्यास आणखी एक निमित्त घडले. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्झेट ही दोन प्रचलित किरणशोषक रसायने समुद्रातील पोवळ्यांस अपाय करतात या संशयावरून हवाई राज्याने २०१८ मध्ये त्यांच्या विक्रीवर बंदी घालणारा कायदा केला व तो २०२१ पासून अमलात आला. तेव्हापासून 'नैसर्गिक' या शब्दाची किंमत बाजारात फारच वाढली आहे. शब्दाची किंमत वाढली म्हणजे वस्तूचा गुण वाढतोच असे नाही, आणि या विषयात तर शब्द व गुण यांमधील अंतर नीट मोजल्यावाचून एक पाऊलही पुढे टाकणे योग्य नव्हे.

हा प्रश्न भिलाईच्या परिसरात विचारून पाहावा. येथे तो केवळ पुस्तकी राहत नाही. भिलाई २१ अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर, म्हणजे कर्कवृत्ताच्या आत वसलेली आहे. मे महिन्याच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या मध्यास मध्यान्हीचा सूर्य तेथे अगदी डोक्यावर येतो. जुलैत निदान ढग असतात. मे महिन्यात तेही नसतात. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिलेला पोलादाचा कारखाना ही या नगराची ओळख असली, तरी तिच्या चारी बाजूंस दुर्ग, धमतरी, राजनांदगाव असा भाताचा मुलूख पसरला आहे. १९५६ पर्यंत हा सारा प्रदेश नागपूर ही राजधानी असलेल्या जुन्या मध्यप्रदेशात होता आणि मराठी व हिंदी या दोन्ही त्या राज्याच्या भाषा होत्या. नागपूरकडून गेलेली मराठी कुटुंबे तेथे आजही आहेत. भिलाईत आणि दुर्गात ऊन ज्यांच्या अंगावर येते ती माणसे समुद्रकिनाऱ्यावर हौसेने पहुडलेली नसतात. खुर्सीपार आणि कॅम्प या भागांतून ठेकेदाराच्या कामावर जाणारे मजूर, खरेदी केंद्रांवर धान तोलणारे हमाल, रस्त्यावर खडी टाकणाऱ्या स्त्रिया, टमाट्याच्या शेतात वाकलेली कुटुंबे अशी ती माणसे होत. (भट्टीपुढे काम करणाऱ्याची गोष्ट निराळी. भट्टीची आच मुख्यतः अवरक्त किरणांची असते. तिच्यापुढे कोणतेही ऊनरोधक मलम निरुपयोगी ठरते. वितळजोडाच्या ठिणगीतून निघणारे अतिनील किरण तर इतके तीव्र असतात की तेथे काचेचा मुखवटा आणि जाड कपडा यांवाचून गत्यंतर नाही.)

आता या मुलुखातील सर्वांत मोठा 'कचरा' कोणता ते पाहू. छत्तीसगड शासनाने २०२३-२४ च्या हंगामात शेतकऱ्यांकडून सुमारे १४५ लाख टन धान खरेदी केले. धान गिरणीत गेले म्हणजे शेकडा २० च्या आसपास तूस निघते, आणि तांदळास पॉलिश करताना शेकडा ८ च्या सुमारास कोंडा निघतो. या हिशेबाने केवळ सरकारी खरेदीच्या धानापासून वर्षाला ११ ते १२ लाख टन कोंडा निर्माण व्हावयास हवा. छत्तीसगढी भाषेतही त्यास जवळजवळ हेच नाव आहे. त्यास सरसकट कचरा म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. कोंडा गुरे खातात, कोंबड्या खातात, आणि त्यात शेकडा १५ ते २० तेल असल्याने तेलाच्या गिरण्या तो विकत घेतात. कोंड्याचे तेल काढण्यात भारत जगात अग्रेसर आहे. जी वस्तू शहरातल्या माणसास टाकाऊ वाटते ती गावातल्या कोणाच्या तरी गोठ्यात जात असते, हे 'कचऱ्यातून सोने' अशा मथळ्यांखाली लिहिणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

या कोंड्यात ओरायझॅनॉल नावाचे द्रव्य असते. १९५४ मध्ये जपानी संशोधकांनी ते कोंड्याच्या तेलात शोधले आणि तांदळाच्या 'ओरायझा' या शास्त्रीय नावावरून त्यास हे नाव दिले. प्रथम तो एकच पदार्थ असावा असे वाटले होते. पुढे ते अनेक संयुगांचे मिश्रण निघाले. त्या सर्वांचा समान घटक म्हणजे फेरुलिक आम्ल. हे आम्ल ३२० नॅनोमीटरच्या आसपासचे किरण उत्तम शोषते. त्वचा भाजणारे जे 'ब' वर्गीय अतिनील किरण, ते २९० ते ३२० नॅनोमीटर या पट्ट्यात येतात. म्हणजे फेरुलिक आम्लाचा मारा नेमका या पट्ट्याच्या वरच्या टोकाशी होतो आणि 'अ' वर्गीय किरणांच्याही प्रदेशात थोडा शिरतो.

येथे रसायनशास्त्राची एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. हवाईने ज्यावर बंदी घातली ते ऑक्टिनॉक्झेट म्हणजे मेथॉक्सिसिनॅमिक आम्लाचा एस्टर. आणि कोंड्यातले फेरुलिक आम्ल म्हणजे हायड्रॉक्सि-मेथॉक्सिसिनॅमिक आम्ल. एक कारखान्यात जन्मले, दुसरे भाताच्या लोंबीत. पण दोघांचे कूळ एकच. दिवाळीच्या उटण्यात जी कपूरकाचरी घालतात तिच्यातही याच कुळातील एक एस्टर नैसर्गिकपणे असतो. तेव्हा एका बाजूस 'रासायनिक' आणि दुसऱ्या बाजूस 'नैसर्गिक' अशी जी भिंत जाहिरातींत उभी केली जाते ती रेणूंच्या जगात कोठेच नाही. रेणू कोठून आला यापेक्षा तो त्वचेवर किती वेळ टिकतो, किती किरण अडवितो आणि काही अपाय करतो काय, हेच प्रश्न विचारावयास हवेत.

हे प्रश्न विचारण्यास आरंभ छत्तीसगडात झालेलाही आहे. रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठाच्या औषधनिर्माण संस्थेतील चंचलदीप कौर आणि स्वर्णलता सराफ यांनी २०१० मध्ये सौंदर्यप्रसाधनांत वापरल्या जाणाऱ्या वनस्पतिज तेलांचा ऊनरोधक गुणांक, म्हणजे ज्यास एस.पी.एफ. म्हणतात तो, प्रयोगशाळेत काढून प्रसिद्ध केला. न उडणाऱ्या तेलांचे गुणांक २ ते ८ या दरम्यान आले, त्यांत ऑलिव्हचे तेल सर्वांत वर. सुगंधी उडनशील तेलांचे १ ते ७ या दरम्यान, त्यांत पेपरमिंटचे तेल सर्वांत वर. मलम बनविताना कोणते तेल निवडणे हितकर, हे ठरविण्यास या माहितीचा उपयोग व्हावा हा त्या निबंधाचा हेतू होता, आणि तो अगदी रास्त होता. या निबंधाचा हवाला जगभर दिला जातो. परंतु हवाला देणाऱ्या कित्येकांनी, विशेषतः तेल विकणाऱ्यांनी, त्यातला आकडा तेवढा उचलला आणि तो कोणत्या रीतीने मिळाला हे सांगण्याचे टाळले. 'ऑलिव्हच्या तेलाचा एस.पी.एफ. अमुक आहे' असे वाक्य एकदा सुटे झाले, की ते ऐकणाऱ्यास वाटते, तेल चोपडले म्हणजे झाले.

म्हणून ती रीत समजून घेतली पाहिजे. १९८६ मध्ये ब्राझीलमधील मान्सुर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सोपे सूत्र मांडले. पदार्थ मद्यार्कात अत्यंत विरल करावयाचा, काचेसारख्या पारदर्शक क्वार्ट्झच्या कुपीत भरून स्पेक्ट्रोफोटोमीटर या यंत्रात ठेवावयाचा, आणि २९० पासून ३२० नॅनोमीटरपर्यंत दर ५ नॅनोमीटरला तो किती प्रकाश शोषतो ते मोजावयाचे. मग त्या सात आकड्यांस ठरावीक गुणकांनी गुणून बेरीज करावयाची व शेवटी तिला १० ने गुणावयाचे. यंत्र असले म्हणजे हे काम एका दुपारी होते. खर्च थोडा, माणसाच्या त्वचेस धोका नाही, आणि पाच-पंचवीस अर्कांची तुलना झटपट करता येते. यामुळे देशभरातील औषधनिर्माण महाविद्यालयांत, आणि भिलाई-दुर्ग भागात अशी महाविद्यालये बरीच आहेत, पदव्युत्तर प्रबंधांसाठी ही रीत फार प्रिय झाली आहे. डाळिंबाची साल, पपईची साल, केळीची साल, काय वाटेल ते आणावे, अर्क काढावा, सूत्रात बसवावा, की आकडा तयार.

अडचण कोठे येते ती घरगुती दाखल्याने पाहू. पेल्यातला काळा चहा पुष्कळ गडद दिसतो. त्याच्या आरपार पाहता येत नाही. तोच चहा फरशीवर सांडून फडक्याने पसरला, तर फरशीचा रंग बदललेला ओळखूही येत नाही. चहा तोच, पण प्रकाशाच्या वाटेत त्याचा थर किती जाड आहे यावर सारे अवलंबून असते. मान्सुरच्या रीतीत कुपीतील द्रवाचा थर एक सेंटिमीटर जाडीचा असतो. त्वचेवर मलम मात्र प्रत्येक चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावावे असे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, म्हणजे थराची जाडी मिलिमीटरच्या सुमारे पन्नासाव्या हिश्श्याएवढी, आणि सामान्य माणूस तर त्याच्या निम्मेही लावत नाही. शिवाय त्वचा काचेसारखी सपाट नसते. तिच्यावर उंचवटे आणि घळी असतात, तेल घळींत साचते आणि उंचवटे उघडे पडतात. भरीस भर म्हणजे अर्क किती विरल करावा हे प्रयोग करणाऱ्याच्या हाती असते. दुप्पट दाट द्रावण घेतले की गुणांक दुप्पट! असा आकडा दोन अर्कांची आपसांत तुलना करण्यास चालतो. पण बाटलीवर छापण्यास तो चालणार नाही.

रासबेरीच्या बियांच्या तेलाची कथा या बाबतीत बोधप्रद आहे. रासबेरीचा रस काढल्यावर उरणाऱ्या बिया म्हणजे शुद्ध टाकाऊ माल. कॅनडातील संशोधकांनी २००० मध्ये त्या बियांच्या तेलाचे गुणधर्म तपासताना त्याच्या किरणशोषणाचा आलेख टायटॅनियम डायॉक्साइडाच्या ठरावीक मलमाशी सदृश असल्याची नोंद केली, आणि ओघाने त्या मलमांचा २८ ते ५० हा गुणांकही लिहिला. बाजाराने मधले शब्द गाळले. 'रासबेरीच्या तेलाचा एस.पी.एफ. २८ ते ५०' हे वाक्य जगभर फिरले, अजूनही फिरते, आणि घरच्या घरी ऊनरोधक करण्याच्या कृतींत छापले जाते.

खरा गुणांक माणसाच्या त्वचेवरच काढतात. स्वेच्छेने आलेल्या व्यक्तींच्या पाठीवर ठरावीक मात्रेत मलम लावून कृत्रिम सूर्यप्रकाश पाडतात, आणि मलमाशिवाय त्वचा लाल होण्यास जेवढे किरण लागतात त्यांच्या किती पट मलमासह लागतात ते पाहतात. गुणांक ३० असला तर भाजणाऱ्या किरणांचा तिसावा हिस्सा आत जातो, ८ असला तर आठवा. म्हणजे एखाद्या तेलाने त्वचेवर खरोखर ८ चा गुणांक दाखविला असे धरले, तरी मे महिन्याच्या दुपारी आठ तास रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या स्त्रीच्या त्वचेत तासाभराचे उघडे ऊन शिरतेच. आणि आकडा कुपीतला असला तर किती शिरते ते कोणीच सांगू शकत नाही. ती स्त्री पदर बाजूस सारून, मलमावर विसंबून काम करू लागली, तर त्या मलमाने तिचे रक्षण केले की उलट तिला उघडे पाडले?

कोणी म्हणेल, आपल्या लोकांची त्वचा सावळी, तिच्यात मेलॅनिन भरपूर. गोऱ्या लोकांचे हे रोग येथे कशास? यात तथ्य आहे. त्वचेचा कर्करोग भारतात गौरवर्णीय देशांच्या मानाने बराच कमी आढळतो. पण गालांवर आणि कपाळावर येणारे वांग, उन्हाने अकाली पडणाऱ्या सुरकुत्या, आणि डोळ्यांतील मोतीबिंदू यांचे काय? वांग तर आपल्याकडील त्वचारोगतज्ज्ञांच्या रोजच्या पाहण्यातला विकार, आणि सावळ्या त्वचेतच तो अधिक हट्टी. त्यात 'अ' वर्गीय किरणांचा आणि दृश्य प्रकाशाचाही हात असतो. मान्सुरच्या सूत्रात तर ३२० नॅनोमीटरच्या पलीकडे पाहिलेच जात नाही. दृश्य प्रकाश अडविण्याचे काम फळांच्या साली क्वचितच करतील. ते काम आज लोहाची ऑक्साइडे करतात, ज्यांमुळे मलमास तांबूस-पिवळट रंग येतो. भिलाईच्या भट्ट्यांना ज्या दल्ली-राजहराच्या टेकड्या खनिज पुरवीत आल्या त्यांचा तांबडेपणा याच ऑक्साइडाचा, आणि खेड्यातल्या भिंतीवरचा गेरूही तोच. प्रसाधनासाठी अर्थातच ते अतिशुद्ध करून घ्यावे लागते. खाणीची माती तोंडास फासावी असा याचा अर्थ कोणी करू नये.

नैसर्गिक ते निर्धोक, या समजुतीस सर्वांत मोठा धक्का लिंबाची साल देते. कागदी लिंबाच्या सालीत सोरॅलेन वर्गातील द्रव्ये असतात. साल हातावर चोळून उन्हात गेले तर एक-दोन दिवसांत त्वचा लाल होते, फोड येतात, आणि पुढे कित्येक आठवडे काळे डाग राहतात. म्हणजे ज्या सालीने उन्हापासून वाचवावे अशी अपेक्षा, तीच उन्हाला हाताशी धरते. आयुर्वेदात कोडावर बावचीचे बी वापरतात ते याच गुणासाठी: तिच्यातील सोरॅलेन त्वचेस प्रकाशाविषयी हळवी करते. सुगंधद्रव्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने दाबून काढलेल्या लिंबाच्या तेलावर, अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांपुरती, मर्यादा घातली आहे. नागपुरी संत्र्याची वाळलेली साल उटण्यात घालतात, पण संत्र्यात ही द्रव्ये लिंबाच्या मानाने थोडी, आणि नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान सूर्योदयापूर्वी आटोपून उटणे धुऊनही टाकले जाते. जुन्या रीतीत असा एक सावधपणा नकळत येऊन बसलेला असतो. तीच पूड मलमात कालवून दुपारच्या उन्हासाठी तोंडास लावून ठेवणे ही नवी गोष्ट आहे. तिला जुन्या रीतीचे प्रमाणपत्र लावता येणार नाही.

टमाट्याचीही गोष्ट सांगावयास हवी, कारण दुर्ग जिल्ह्यातील धमधा भाग टमाट्यासाठी प्रसिद्ध आहे आणि भाव कोसळला म्हणजे तो माल कवडीमोल होतो. टमाट्यातील लाल द्रव्य, लायकोपीन, त्वचेस उन्हापासून वाचविते असे वाचनात येते. ते खरेही आहे, पण निराळ्या अर्थाने. लायकोपीन मुख्यतः दृश्य प्रकाश शोषते, भाजणारे किरण नव्हे. म्हणून किरण अडविणारा पडदा या नात्याने ते कामाचे नाही. मात्र जर्मनीतील संशोधकांनी २००१ मध्ये स्वयंसेवकांस रोज ४० ग्रॅम टमाट्याचा लगदा ऑलिव्हच्या तेलाबरोबर दहा आठवडे खावयास दिला, तेव्हा कृत्रिम उन्हाने येणारी लाली सुमारे ४० टक्क्यांनी कमी झालेली दिसली. धमध्याचा टमाटा मलमात घालण्यापेक्षा भाजीत घालणे अधिक शहाणपणाचे, असाच त्याचा निष्कर्ष काढावा लागतो. अर्थात या खाण्यानेही मलमाची किंवा सावलीची जागा भरून निघत नाही.

एवढे सारे आक्षेप मांडल्यावर कोंड्यास व सालीस या कामातून बाद करावे काय? मुळीच नाही. त्यांची योग्य जागा तेवढी ओळखली पाहिजे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये क व ई या जीवनसत्त्वांच्या द्रावणात अवघे अर्धा टक्का फेरुलिक आम्ल मिसळले. परिणाम असा झाला की ते द्रावण अधिक टिकाऊ बनलेच, शिवाय डुकराच्या त्वचेवर त्याचे उन्हापासूनचे रक्षण चौपटीवरून जवळजवळ आठपटीवर गेले. साओ पाउलो येथे २०२० मध्ये द्राक्षांच्या चोथ्याचा अर्क नेहमीच्या किरणशोषकांबरोबर मिसळून माणसांच्या त्वचेवर तपासला गेला, आणि तेथेही संरक्षणात भर पडलेली आढळली. या प्रयोगांतून एकच दिशा दिसते. वनस्पतिज द्रव्ये एकट्याने लढणारी नव्हेत. ती उत्तम साहाय्यक आहेत. किरण अडविण्याचे मुख्य काम झिंक ऑक्साइडासारख्या तपासलेल्या द्रव्याने करावे, आणि त्यातून निसटलेल्या किरणांमुळे त्वचेत जी विध्वंसक ऑक्सिजन-संयुगे निर्माण होतात त्यांचा बंदोबस्त कोंड्याच्या आम्लाने करावा. असे केल्यास मुख्य द्रव्याचे प्रमाणही कदाचित कमी करता येईल. युरोपीय संघाच्या मान्य किरणरोधकांच्या यादीत आज एकही वनस्पतिज अर्क नाही, यामागे केवळ मोठ्या कंपन्यांचे कारस्थान पाहणाऱ्यांनी हा भेद समजून घ्यावा.

साहाय्यकाची भूमिकाही सोपी नाही. तांदूळ सडताक्षणीच कोंड्यातील लायपेज हे विकर तेलावर तुटून पडते आणि काही तासांतच कोंडा खवट होऊ लागतो. तो गिरणीतच तापवून स्थिर करावा लागतो. उकड्या तांदळाचा, म्हणजे तेथे ज्यास उसना म्हणतात त्याचा, कोंडा या बाबतीत सुदैवी. धान उकडतानाच विकर मरून गेलेले असते, आणि त्यात तेलही अधिक. तेलाच्या शुद्धीकरणात आणखी एक मौज आहे. अल्कलीने तेल शुद्ध केले की त्यातील बहुतेक ओरायझॅनॉल साबणाच्या गाळात निघून जाते. म्हणजे गुरांचा कोंडा न घेता, खाण्याचे तेल न घेता, केवळ शेवटी उरलेल्या त्या गाळातून हे द्रव्य मिळविता येते. खऱ्या अर्थाने टाकाऊ म्हणावे असे काही या साखळीत असेल तर ते हेच. जपानमध्ये वाकायामा येथे कोंड्याच्या तेलाच्या अशाच अवशेषांपासून फेरुलिक आम्ल तयार करण्याचा उद्योग उभा राहिला. फळांच्या सालींची स्थिती अधिक अवघड आहे. सोलापूरच्या डाळिंबांची साल टॅनिनाने भरलेली असते खरी. पण फळावर फवारलेली औषधे प्रथम सालीवरच बसतात, ओल्या सालीवर एका रात्रीत बुरशी धरते, आणि अर्क हवेत ठेवला की चिरलेल्या वांग्यासारखा काळा पडतो. बाजारातून गोळा केलेल्या मिसळीच्या सालींपासून दर वेळी सारख्याच गुणाचा अर्क निघणे दुरापास्तच होय.

म्हणूनच ग्रामोद्योगाच्या नावाखाली बचत गटांतील स्त्रियांस 'नैसर्गिक सनस्क्रीन' बनविण्याचे दोन दिवसांचे शिक्षण देण्याची जी हौस अलीकडे दिसते ती आवरली पाहिजे. प्रसाधने तयार करण्यास १९४० चा कायदा व २०२० चे नियम यांखाली परवाना लागतो आणि दिशाभूल करणारा दावा करता येत नाही. पण कायद्याची भीती बाजूस ठेवली तरी, ज्या मलमाचा गुणांक कोणी त्वचेवर मोजला नाही ते शेजारणीस विकण्याची पाळी त्या स्त्रियांवर आणू नये. त्यांच्या हातांस काम द्यावयाचे तर ते साली निवडण्याचे, धुण्याचे, सावलीत वाळविण्याचे आणि स्वच्छ माल नोंद ठेवून पुरविण्याचे द्यावे. या कामाची मजुरी ठरावीक असते, त्यात कोणाच्या चेहऱ्याची जोखीम नसते, आणि अर्काचा गुण पुढे चांगला निघणार की वाईट हे या पहिल्या पायरीवरच ठरते.

महाविद्यालयांकडून अपेक्षा वेगळी. कुपीतला आकडा काढून प्रबंध बांधण्याचे दिवस आता सरावेत. खरखरीत केलेल्या प्लास्टिकच्या पट्टीवर मलमाचा पातळ थर पसरून, तिच्यातून जाणारा प्रकाश ४०० नॅनोमीटरपर्यंत मोजण्याची रीत पुष्कळ दिवसांपासून आहे. अशाच पट्टीवरून गुणांक काढण्याचे आंतरराष्ट्रीय मानक २०२४ मध्ये प्रसिद्धही झाले. ती पट्टी दोन तास उन्हात ठेवून पुन्हा मोजली, तर अर्क उन्हात टिकतो की विरतो हे कळते, आणि भिलाईत या प्रयोगासाठी ऊन विकत आणावे लागत नाही. उसना आणि अरवा या दोन्ही कोंड्यांचे अर्क झिंक ऑक्साइडाच्या मलमात घालून, नुसत्या मलमाशी त्यांची अशी तुलना एखाद्या विभागाने दोन-तीन हंगाम सातत्याने केली, तर त्यातून हाती येणारा आकडा लहान असला तरी विश्वासाचा असेल. तो येईपर्यंत खडी टाकणाऱ्या स्त्रीस ठेकेदाराने दुपारची सुटी, पाणी आणि ताडपत्रीची सावली द्यावी. गुराख्याच्या डोक्यावरची बांबूची खुमरी आणि घट्ट विणीचा सुती गमछा यांचा गुणांक कोणत्याही सालीच्या अर्कापेक्षा वर आहे, आणि तो घामाने धुऊन जात नाही.